चुकलेल्या प्रश्नांची वही

सराव-चाचणी सोडवून झाल्यावर विद्यार्थी प्रथम काय करतो, हे कोणत्याही देशातील पालकाने पाहिलेले असते. तो गुण मोजतो. मागच्या वेळेपेक्षा दोन-चार गुण वाढले असतील तर समाधान पावतो, घटले असतील तर खिन्न होतो. नंतर उत्तरसूचीत डोकावून चुकलेल्या प्रश्नांपुढील अचूक उत्तर पाहतो, 'हे तर मला ठाऊक होते' असे स्वतःशी पुटपुटतो आणि दुसरी चाचणी हाती घेतो. या साऱ्या व्यवहारात ज्या गोष्टीसाठी चाचणी घेतली गेली, ती गोष्ट मात्र तशीच पडून राहते. प्रत्यक्ष परीक्षेत चुकलेला प्रश्न विद्यार्थ्याला बहुधा पुन्हा भेटत नाही. सरावात चुकलेला प्रश्न त्याच्या हाती असतो आणि त्याच्याशी हवा तितका वेळ झुंजता येते. अमेरिकेतील महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षांत इंग्रजी व्याकरणाचे जे प्रश्न विचारले जातात, त्यांच्या आधाराने या झुंजीचे स्वरूप येथे पाहावयाचे आहे. आपल्याकडील जे विद्यार्थी तिकडे शिकावयास जाऊ इच्छितात, त्यांच्यापैकी अनेकांची गाठ याच प्रश्नांशी पडते.

या परीक्षांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. 'एस.ए.टी.' या नावाने ओळखली जाणारी परीक्षा प्रथम २३ जून १९२६ रोजी घेण्यात आली आणि सुमारे आठ हजार विद्यार्थी तिला बसले. प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांच्या देखरेखीखाली ती तयार झाली होती. त्या पहिल्या परीक्षेत एका बनावट भाषेचे नियम देऊन त्यांवर प्रश्न विचारलेले होते, ही मौजेची गोष्ट आहे. म्हणजे व्याकरण होते, पण ते कोणाच्याही मातृभाषेचे नव्हते. प्रमाण लिखित इंग्रजीची वेगळी छोटी चाचणी १९७४ मध्ये एस.ए.टी.ला जोडण्यात आली. तिचा उपयोग प्रवेश देण्याकरिता नव्हता. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात कोणत्या इंग्रजीच्या वर्गात बसवावे, हे ठरवण्याकरिता होता. २००५ मध्ये लेखनाचा स्वतंत्र विभाग आला, २०१६ मध्ये त्याचे स्वरूप बदलले, आणि आता ही परीक्षा संगणकावर घेतली जाते. अमेरिकेबाहेर २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून. दुसरी मोठी परीक्षा 'ए.सी.टी.' ही १९५९ मध्ये सुरू झाली. तिच्यात इंग्रजीचा भाग आरंभापासून आहे.

आजच्या एस.ए.टी.मध्ये वाचन व लेखन या विभागाचे दोन भाग असतात. प्रत्येक भागात २७ प्रश्न आणि त्यांसाठी ३२ मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिटाहूनही थोडा कमी वेळ मिळतो. दोन्ही भाग मिळून साधारणतः अकरा ते पंधरा प्रश्न व्याकरण आणि विरामचिन्हे यांचे असतात. हा वाटा सुमारे चतुर्थांश भरतो. हे प्रश्न प्रत्येक भागाच्या उत्तरार्धात येतात. तोवर विद्यार्थ्याचे मन उताऱ्यांनी थकलेले असते आणि घड्याळ पुढे गेलेले असते. शिवाय पहिल्या भागातील कामगिरीनुसार दुसरा भाग सोपा किंवा कठीण मिळतो. त्यामुळे पहिल्या भागात व्याकरणाचे चार प्रश्न हातचे गेले तर त्याचा परिणाम त्या चार प्रश्नांपुरता राहत नाही.

आता एक नमुना घेऊ. असे वाक्य कल्पावे: 'द कलेक्शन ऑफ लेटर्स दॅट द टू सिस्टर्स रोट ड्युरिंग द वॉर', आणि पुढे रिकामी जागा, मग 'केप्ट इन अ लायब्ररी'. रिकाम्या जागी 'इज', 'आर', 'वेअर', 'हॅव बीन' यांपैकी काय यावे? अर्थ सरळ आहे: दोघी बहिणींनी युद्धकाळात लिहिलेल्या पत्रांचा संग्रह एका ग्रंथालयात ठेवलेला आहे. कर्ता 'कलेक्शन', तो एकवचनी, म्हणून 'इज'. परंतु रिकाम्या जागेपर्यंत पोहोचता पोहोचता वाचकाच्या कानावर 'लेटर्स' आणि 'सिस्टर्स' ही दोन अनेकवचने पडलेली असतात, आणि कान 'आर'कडे ओढ घेतो. आपल्या भाषेत हा सापळा इतका सहज रचता येत नाही. मराठीत 'पत्रांचा' हे आधी येते आणि 'संग्रह' नंतर. विशेषणे पुढे चालतात आणि कर्ता क्रियापदाच्या अधिक जवळ उभा राहतो. इंग्रजीत कर्ता आधीच येऊन जातो आणि त्याचा परिवार मध्ये पसरतो. परीक्षक हा परिवार मुद्दाम वाढवतात.

येथे विद्यार्थ्याने 'आर' निवडले असेल, तर उत्तरसूची त्याला इतकेच सांगेल की उत्तर 'इज' आहे. एवढ्या माहितीचा त्याला पुढे काय उपयोग? हेच वाक्य तर पुन्हा येणार नाही.

एस.ए.टी. सुरू झाली त्याच १९२६ या वर्षी ओहायो राज्य विद्यापीठातील सिडनी प्रेसी या प्राध्यापकांनी एका छोट्या यंत्राविषयी लेख प्रसिद्ध केला. यंत्राच्या खिडकीत प्रश्न आणि त्याचे चार पर्याय दिसत आणि विद्यार्थ्याने चार कळींपैकी एक दाबावयाची असे. एका रीतीने लावले तर यंत्र नुसते गुण मोजी. खटका फिरवून दुसऱ्या रीतीने लावले, की बरोबर कळ दाबली जाईपर्यंत पुढचा प्रश्न येतच नसे. ठरावीक गुण मिळाल्यास गोळी बाहेर टाकणारी जोडणीही त्यांनी त्याला केली होती. यंत्राने परीक्षा घ्यावी आणि शिकवावेही, ही कल्पना त्या काळी फार पुढची होती. तथापि तिच्यातील उणीव उघड आहे. पहिली कळ चुकली तर दुसरी, नाही तर तिसरी, असे दाबत गेलेला मुलगाही पुढच्या प्रश्नावर पोहोचतो. उत्तरसूची पाहून पान उलटणारा आजचा विद्यार्थी याहून निराळे काही करीत नाही.

मग करावे काय? प्रथम चूक कोणत्या जातीची आहे, ते ओळखावे लागते. एडिंबरो येथील भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मधील एका निबंधात एक भेद स्पष्ट केला आहे. थकवा, घाई, विस्मरण यांमुळे होणारी चूक निराळी आणि भाषेविषयीच्या आपल्या समजुतीतूनच निघणारी चूक निराळी. पहिलीला आपण स्खलन म्हणू, दुसरीला दोष. स्खलन ज्याचे त्याला दाखवून दिले की लगेच उमगते. दोष दाखवूनही उमगत नाही, कारण बोलणाऱ्याच्या मनातील नियमाप्रमाणे ते बरोबरच असते. कॉर्डर यांचे लक्ष परभाषा शिकणाऱ्यांकडे होते. परंतु स्वतःच्या भाषेची परीक्षा देणाऱ्या अमेरिकन मुलालाही हा भेद तितकाच लागू पडतो. दोहोंवरील उपाय भिन्न असल्यामुळे या निदानाला महत्त्व आहे. स्खलन करणाऱ्याला नियम पढवणे व्यर्थ, आणि दोष असणाऱ्याला 'नीट लक्ष दे' असे सांगणे त्याहून व्यर्थ.

निदानाची एक साधी युक्ती आहे. अचूक उत्तर न पाहता, केवळ 'हा प्रश्न चुकला' एवढेच जाणून, तो प्रश्न घड्याळाविना पुन्हा सोडवावा. आता उत्तर बरोबर आले आणि ते का बरोबर, हेही सांगता आले, तर ते स्खलन होते. पुन्हा तेच चुकीचे उत्तर आले, किंवा उत्तर बदलले पण कारण सांगता आले नाही, तर दोष आहे असे समजावे. 'हे तर मला ठाऊक होते' या उद्गाराची परीक्षा येथे होते आणि तो उद्गार पुष्कळदा खोटा ठरतो. उत्तर दिसल्यानंतर सारेच ठाऊक असल्यासारखे वाटते. म्हणून उत्तर झाकून ठेवण्याला एवढे महत्त्व.

एक विद्यार्थिनी कल्पनेत आणू. एका सराव-चाचणीत तिचे व्याकरणाचे सहा प्रश्न चुकले. उत्तर झाकून ते पुन्हा सोडवल्यावर दोन जागच्या जागी सुटले. कर्ता दूर होता एवढेच. उरले चार. उत्तरसूचीच्या भाषेत हे चार वेगवेगळ्या विषयांचे आहेत: एक स्वल्पविरामाचा, एक अर्धविरामाचा, एक अपूर्णविरामाचा आणि एक 'हाउएव्हर' या शब्दाचा. ती प्रामाणिकपणे चारही प्रकरणांचे नियम वाचावयास बसेल, तर आठवडा जाईल. परंतु प्रत्येक प्रश्नापुढे 'मी हे का निवडले' असे एक वाक्य तिने लिहून पाहिले, तर काय दिसते? पहिल्यापुढे ती लिहिते: 'येथे थोडे थांबावेसे वाटले, म्हणून स्वल्पविराम.' दुसऱ्यापुढे: 'अर्धविराम म्हणजे जरा मोठे थांबणे.' तिसऱ्यापुढे: 'पुढे यादी आली, म्हणून आधी अपूर्णविराम.' चौथ्यापुढे: 'हाउएव्हर म्हणजे पण, पणच्या आधी स्वल्पविराम येतो.'

चार चुका नव्हेत, ही एकच चूक आहे. चिन्हाच्या अलीकडे आणि पलीकडे पूर्ण वाक्य उभे आहे की नाही, हे पाहण्याची सवय तिला नाही. ती श्वासावरून चिन्हे देते. या परीक्षेला प्रमाण असलेल्या लिखित इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. अर्धविराम वाक्ये जोडीत असेल, तर त्याच्या दोन्ही अंगांना पूर्ण वाक्य लागते. अपूर्णविरामाच्या अलीकडे पूर्ण वाक्य लागते, मग पलीकडे यादी असो वा आणखी काही. 'बट' हे अव्यय दोन वाक्ये जोडू शकते. 'हाउएव्हर' अर्थाने त्याच्या जवळचे असले तरी ते क्रियाविशेषण आहे, जोडण्याचे सामर्थ्य त्याला नाही, म्हणून त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा. एका प्रश्नाने हे सारे तपासता येते: येथे पूर्ण वाक्य आहे काय?

मराठी वाचकाला हा नियम जरा जाचक वाटेल. 'पाऊस थांबला, आम्ही घरी गेलो' हे आपण निःशंकपणे लिहितो आणि त्यात कोणी दोष काढीत नाही. 'द रेन स्टॉप्ड, वी वेंट होम' हे मात्र त्या परीक्षेत चूक. तीच गत दुसऱ्या एका प्रकाराची. 'रस्त्याने चालताना देऊळ दिसले' या मराठी वाक्यात चालणारा कोण, हे सांगितलेले नाही, तरी देऊळ चालत होते असे कोणी समजत नाही. 'वॉकिंग डाउन द रोड, द टेम्पल केम इन्टू व्ह्यू' असे इंग्रजीत लिहिले, की परीक्षकाच्या लेखी देऊळ चालू लागते. कारण आरंभीच्या पदसमूहाचा संबंध स्वल्पविरामानंतर लगेच येणाऱ्या नामाशी जोडला जातो. आपल्या विद्यार्थ्यांची चूक येथे निष्काळजीपणाची नसते. ती मराठीची शिस्त इंग्रजीत पाळल्याची चूक असते. असे कारण सापडले म्हणजे चुकीची लाजही कमी होते आणि ती सुधारणेही सोपे जाते.

कानावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी फसगत 'इट्स' या शब्दात होते. 'त्याचे' या अर्थाचे सर्वनाम आणि 'ते आहे' याचे संक्षिप्त रूप, दोन्हींचा उच्चार एकच. फरक केवळ लेखणीच्या एका वरच्या टिंबाएवढ्या खुणेचा. देवनागरीत लिहिताना तर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात, आणि या पानावर ती वेगळी करून दाखवण्याची सोयही नाही! ज्याची जन्मभाषा इंग्रजी आहे त्यालाही येथे कान काही मदत करीत नाही. त्याला त्या जागी 'इट इज' असे विस्तारून वाचावेच लागते.

अचूक उत्तर समजल्यावर उरलेले तीन पर्याय का चूक, हेही लिहून काढावे, असा आग्रह धरला पाहिजे. हा आग्रह केवळ काटेकोरपणापायी नाही. बहुपर्यायी प्रश्नाला एक उपद्रव चिकटलेला आहे, आणि मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर व एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये तो प्रयोगाने दाखवला: विद्यार्थी जो चुकीचा पर्याय निवडतो, तो पुढे खरे ज्ञान म्हणून त्याच्या मनात राहू शकतो. चाचणीने स्मरण बळकट होते, पण ते चुकीचेही बळकट होते. अँड्र्यू बटलर व रोडिगर यांच्या २००८ मधील प्रयोगांत अचूक उत्तर कळवल्याने हा अपाय घटल्याचे आढळले. सारांश, चाचण्यांमागून चाचण्या सोडवून त्या न तपासणारा विद्यार्थी नुसता वेळ दवडत नाही. तो आपल्या चुका घोटीत असतो.

याच क्षेत्रातील आणखी एक निष्कर्ष दिलासा देणारा आहे. ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये असे दाखवले, की ज्या उत्तराविषयी पूर्ण खात्री होती आणि जे चुकले, ते उत्तर दुरुस्ती कळल्यानंतर अधिक चांगले सुधारते; डळमळीत मनाने दिलेले चुकीचे उत्तर तितके सुधारत नाही. आश्चर्याचा धक्का लक्ष खेचून घेत असावा. म्हणून सराव करताना प्रत्येक उत्तराशेजारी खात्रीची किंवा शंकेची एक खूण कच्च्या कागदावर करीत जावी. खात्रीने चुकलेले प्रश्न वहीत सर्वांत आधी उतरवावेत. आणि शंकेने बरोबर आलेले? तेही वहीत आलेच पाहिजेत. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तरी चारांत एकदा उत्तर बरोबर येते. गुणपत्रक त्याला यश म्हणते. वहीने तसे म्हणू नये.

चुकीमागे तर्क असतो, ही गोष्ट ज्या पुस्तकाने अमेरिकेतील शिक्षकांना शिकवली, त्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला. ज्यांच्या घरात कोणी महाविद्यालय पाहिले नव्हते अशी हजारो मुले आली, आणि त्यांचे लेखन पाहून अनेक प्राध्यापक हताश झाले. ही मुले शिकण्याच्या पात्रतेचीच नाहीत, असे म्हटले जाऊ लागले. तेथील अध्यापिका मिना शॉनेसी यांनी अशा विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध घेतले आणि त्यांतील चुकांची वर्गवारी केली. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा गाभा असा, की या चुका अंदाधुंद नाहीत. त्यांना क्रम आहे, कारण आहे, आणि म्हणून त्यांवर उपायही आहे. कृष्णवर्णीय समाजाच्या घरगुती इंग्रजीत क्रियापदाची जी रूपे नियमाने चालतात, ती परीक्षेत चूक ठरतात. ज्याने घरी 'पानी' म्हटले आणि शाळेत 'पाणी' लिहिताना छडी खाल्ली, त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. अशा मुलाच्या वहीत 'मला येत नाही' असे न लिहिता 'घरी असे, परीक्षेत असे' या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या गेल्या, तर त्याच्या घरची भाषा तिच्या जागी राहते आणि गुणही जात नाहीत.

उत्तरसूचीला वेदवाक्य मानण्याचे मात्र कारण नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये एस.ए.टी.च्या पूर्वतयारीची 'पी.एस.ए.टी.' ही परीक्षा झाली. तीत लेखिका टोनी मॉरिसन यांच्या प्रतिभेविषयी एक वाक्य होते आणि त्यात चूक आहे काय, असा प्रश्न होता. परीक्षा-मंडळाच्या मते चूक नव्हती. मेरीलँड राज्यातील एका शिक्षकाने आक्षेप घेतला, की वाक्यात 'मॉरिसन्स' हे षष्ठीचे रूप आहे, मॉरिसन हे नाम स्वतंत्रपणे कोठेच आलेले नाही; मग 'हर' हे सर्वनाम कोणासाठी? कित्येक व्याकरणग्रंथ असा प्रयोग सदोष मानतात. मंडळाने प्रथम आक्षेप फेटाळला. शिक्षकाने पत्रव्यवहार सोडला नाही. शेवटी तज्ज्ञांचा सल्ला घेऊन मे २००३ मध्ये तो प्रश्न गुणांकनातून वगळण्यात आला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या वाक्यात कोणत्याही सुबुद्ध वाचकाचा गोंधळ होण्यासारखे काही नव्हते. तरी शिक्षकाचा हट्ट योग्यच होता, कारण नियम विद्यार्थ्यांना लावावयाचा तर तो प्रश्नकर्त्यालाही लागला पाहिजे. अधिकृत प्रश्नपत्रिकांत असे क्वचितच घडते. बाजारातील सराव-पुस्तकांचा दर्जा मात्र कमीजास्त असतो. एखाद्या उत्तराचे कारण दोन दिवस शोधूनही सापडले नाही आणि प्रश्न अशा पुस्तकातील असला, तर तो सोडून द्यावा.

अधिकृत चाचण्या मोजक्याच असतात, ही दुसरी व्यावहारिक अडचण. आठवड्याला दोन या वेगाने त्या संपवणारा विद्यार्थी परीक्षा जवळ येईतो रिकाम्या हाताने बसलेला असतो. एक चाचणी सोडवण्यास सव्वादोन तास लागत असतील, तर तिच्यातील चुका वाचण्यास तितकाच वेळ राखून ठेवावा. चुकलेल्या प्रत्येक दोषाबद्दल त्याच घडणीची दोन-तीन वाक्ये स्वतः रचावीत: एक बरोबर, एक मुद्दाम चुकवलेले. दुसऱ्याला फसवू शकेल असे चुकीचे वाक्य ज्याला रचता येते, त्याला परीक्षकाचा हात कोठून फिरतो ते कळू लागते. दहा-बारा दिवसांनी वहीतील मूळ प्रश्न कोऱ्या मनाने पुन्हा सोडवावेत. त्या वेळी उत्तर आठवते म्हणून बरोबर येईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून नुसते उत्तर लिहू नये, कारण लिहावे. कारण पाठ होत नाही.

आपल्या त्या कल्पित विद्यार्थिनीने असे तीन आठवडे केले, असे धरू. पुढच्या चाचणीत तिचे व्याकरणाचे तीन प्रश्न चुकतात. त्यांत 'हाउएव्हर'चा एक आहेच. या खेपेला तो वाक्याच्या मध्यभागी, दोन स्वल्पविरामांच्या बेचक्यात आलेला आहे आणि तिने त्याच्या आधी अर्धविराम दिला आहे. कारण आदल्या आठवड्यात तिने नियम वहीत जरा अधिकच ठसठशीत लिहिला होता. मात्र कच्च्या कागदावर त्या उत्तराशेजारी शंकेची खूण आहे. ती वही उघडते, जुन्या ओळीखाली 'दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य असेल तरच' एवढे जोडते, आणि उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे हाताने झाकते.